नऊ नमदे

यमना गेल्याचं कळलं त्या दिवशी तिच्या घोडीला, हमामाला, पाणी पाजायचं राहून गेलं. सकाळी इस्पितळातून शेजारच्या न्हाव्याच्या फोनवर निरोप आला, तेव्हा तिचा नवरा अल्लाल एका खोगिराच्या कडेला हिरव्या रेशमाने वेल भरत होता. एक पान अर्धं झालं होतं. त्याने ते पान पुरं केलं, दोऱ्याला गाठ मारली, आरी डब्यात ठेवली आणि मग उठला. असं का केलं, हे पुढे कितीदा मनात घोळवूनही त्याला सांगता आलं नसतं. दुपारच्या नमाजानंतर लोकांनी तिला खांद्यावर घेतलं आणि मेकनेसच्या जुन्या तटाबाहेरच्या कबरस्तानात नेऊन पुरलं. त्यातलं अल्लालला फक्त लोकांचे पाय आठवत होते. धुळीने भरलेल्या चपला, एकाची टाच भेगाळलेली. दुसऱ्या दिवशी शेजारणींनी पाठवलेल्या कुसकुसच्या परातीभोवती माणसं बसली होती. तबेल्याचा म्हातारा मोतद्दार बा कद्दूर पाण्याचा पेला तोंडाशी नेता नेता थांबला आणि म्हणाला, "घोडी." कद्दूर दोन्ही दिवस मयतीच्या धावपळीत होता. त्याला वाटलं होतं, घरातलं कुणीतरी तबेल्यात जाऊन येईल. घरात आता अल्लालशिवाय कुणी नव्हतं.

कद्दूर उठू लागला, पण अल्लाल त्याच्याआधी उठला. का, तेही त्याला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं त्याने खोगिरं सजवली होती. सणाच्या दिवशी बार उडवत धावणाऱ्या घोडेस्वारांच्या पाठीखाली त्याचं काम असायचं, लोक त्याला मुअल्लिम म्हणायचे, उस्ताद. पण घोडा त्याला ठाऊक होता तो खोगिराखालचा आकार म्हणून, लाकडी ओंडक्यासारखा. जिवंत घोड्याची त्याला भीती वाटायची. अकरा वर्षांत तो या तबेल्याच्या दारापर्यंत चार वेळा आला असेल, आत एकदाही नाही. त्या दुपारी तो बादली घेऊन आत गेला. हमामा, राखी रंगाची, अंगाने भरलेली, कानाच्या टोकांशी थोडी काळी, भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिने आवाज केला नव्हता. दोन दिवस तहानलेली राहून तिने साधी टाप आपटली नव्हती, असं शेजारच्या ठाणातला माणूस सांगत होता. अल्लालने बादली खाली ठेवली आणि मागे सरकला. तिने मान खाली घातली. पाणी तिच्या गळ्यातून वर चढताना दिसत होतं, एकेक घोट, कातडीखालून मूठ सरकावी तसा. एवढं मोठं जनावर, एवढा धीर. तो तिथे उभा राहून बघत राहिला. बादली रिकामी झाल्यावर तिने तोंड वर केलं आणि ओठांवरून गळणारं पाणी त्याच्या लांब अंगरख्याच्या, जेलाब्याच्या बाहीवर पडलं. त्याने ते पुसलं नाही. दुसरी बादली आणली.

इस्पितळात यमनाने शेवटचं मागितलं ते हिच्यासाठीच होतं. "हमामाला माझ्यामागे उभी ठेवू नका," ती म्हणाली होती. "उभी राहिलेली घोडी वर्षात म्हातारी होते. कुणाला तरी द्या. पण माणूस बघून द्या. ज्याला घाई नाही असा." तो म्हणाला, तू बरी झालीस की तूच बघ. ती हसली. हसताना तिला आता दम लागायचा. "मुअल्लिम," ती म्हणाली, "तुम्हाला खोटी जरतार शिवता येते, खोटं बोलता येत नाही." ती त्याला मुअल्लिम म्हणायची ते थट्टेने. ती गेरवान टोळीतली होती, घोड्यांत वाढलेली, आणि तिच्या बापाच्या घरी खोगीर सजवणाऱ्याला कुणी उस्ताद म्हटलं नसतं. त्यांच्यात उस्ताद म्हणजे घोडा फिरवणारा. हमामा तिने स्वतःच्या बांगड्या मोडून घेतली होती, तेव्हा घोडी तीन वर्षांची होती. घोडी आणल्याच्या दिवशी अल्लालने विचारलं होतं, हिच्यात काय बघितलंस? चाल साधी. दुडकीवर आली की डगडगते. पळवली तर रांगेत अर्धी मान मागेच. यमना म्हणाली होती, ती बघते. बाकीचे घोडे पळतात, ही बघते.

तेव्हा त्याला त्या उत्तराचा राग आला होता. कारण त्याच्या एक वर्ष आधी बतूल गेली होती. नऊ वर्षांची पोर, चार दिवसांच्या तापात. त्यानंतर यमना रोज कबरस्तानात जाऊन बसायची, सकाळी गेली की अंधार पडल्यावर यायची, मातीने भरलेले हात घेऊन. चूल पेटत नव्हती. आठ महिने त्याने सहन केलं, आणि मग एका संध्याकाळी तो दारात आडवा उभा राहिला. भाकरीवर हात ठेवायला लावून त्याने तिच्याकडून वचन घेतलं, की त्या कबरस्तानाच्या दारातून ती पुन्हा आत जाणार नाही. तिच्या भल्यासाठी, असं त्याला वाटलं होतं. अजूनही कधी कधी वाटायचं. तिने हात ठेवला, वचन दिलं, आणि पाळलं. त्यानंतर बतूलचं नाव तिच्या तोंडून त्याने ऐकलं नाही. घोडी आली. दर शुक्रवारी यमना कुसकुस वाफेवर ठेवून तबेल्यात जायची आणि तासाभराने परत यायची, अंगाला घोड्याचा वास, चेहरा धुतल्यासारखा. त्याला वाटलं, विसरली. माणसं विसरतात. एकदा जेवताना तो म्हणाला होता, "पोर गेली आणि घोडी आली, तुझं बरं झालं." तिने त्याच्या ताटात भोपळ्याची फोड वाढली होती. ती फोड त्याला या महिन्यांत पुष्कळदा आठवली. कडेला जरा करपलेली, वरती मनुका.

चाळीसावा दिवस झाला आणि त्याने कद्दूरला सांगितलं, गिऱ्हाईक बघ. पहिला आला तो मोठ्या चौकात बग्गी हाकणारा मीलूद. त्याने हमामाचे ओठ उलटून दात बघितले, कानाशी टाळी वाजवली, मोटारीचा भोंगा वाजवून बघितला. घोडी हलली नाही. मीलूद खूश झाला. अल्लाल त्याच्यामागून चौकात गेला आणि त्याची उभी असलेली बग्गी बघितली. जुंपलेला घोडा उन्हात डोळे मिटून उभा होता, आणि त्याचे मिटलेले डोळे झोपेचे नव्हते. अल्लालने नाही म्हणून सांगितलं. मीलूदला पैसे वाढवूनही उत्तर मिळेना तेव्हा तो म्हणाला, "मुअल्लिम, घोडी विकायचीय की मुलगी द्यायचीय?" आणि भोवतीचे हसले. अल्लालही थोडा हसला. मग घरी येईपर्यंत त्याला रस्ता दिसत नव्हता.

दुसरे आले ते औषधाच्या दुकानाचे मालक सी थामी, सभ्य गृहस्थ, चष्मा पुसत बोलणारे. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला गरीब घोडी हवी होती. मुलीने हमामाच्या कपाळाला कपाळ लावलं ते बघून अल्लालचं मन निवलं. रिवाजाप्रमाणे तीन दिवसांची बोली झाली, घोडी याच तबेल्यात राहील, खोड निघाली तर परत. कद्दूर साक्षीदार. अल्लालने शपथेवर सांगितलं की घोडी चावत नाही, लाथ मारत नाही, अडेल नाही. आडवा बांबू ठेवला तर त्यावरून उडी मारत नाही, त्याच्यापुढे उभी राहून त्याला बघत बसते, हेही सांगितलं. सगळे हसले. चौथ्या दिवशी सकाळी सी थामी दुकानात आले आणि बसायला नको म्हणाले. तबेल्यातून ऑलिव्हच्या बागांकडे जाणारा रस्ता जिथे भिंतीच्या कडेने जातो, तिथे ती थांबते, ते म्हणाले. तीनही दिवस, त्याच जागी. टाच मारा, छडी दाखवा, हलत नाही. "मी घड्याळ लावून बघितलं. अर्धा मिनिट. मग आपली आपण चालायला लागते. जनावर गुणी आहे हो सी अल्लाल, पण अडेल आहे. आणि तुम्ही शपथ घेतली होतीत." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

अडेल, हा शब्द घोड्यांच्या जगात तापासारखा पसरतो. तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. अल्लाल दुकानात बसून हिरवा दोरा ओवायचा आणि मनात तेच घोळत राहायचं. आपण खोटी शपथ घेतली का? यमनाला ही खोड ठाऊक होती का? ठाऊक असून सांगितली नाही, अकरा वर्षं ती त्या खोडीवर बसून गप्प राहिली? कद्दूरला विचारलं तर तो म्हणाला, मालकिणीने, लल्ला यमनाने, कधी तक्रार केली नाही, आणि बाईमाणूस शुक्रवारी कुठे फिरून येतं ते मी कशाला विचारू? त्या तीन आठवड्यांत एकच माणूस आला, घोड्याचं मांस विकणाऱ्या दुकानाचा. आलेल्या सगळ्यांत तोच सर्वांत हळुवार होता. त्याने खिशातून भाकरीचा तुकडा काढून हमामाला दिला, तिच्याशी कुजबुजत बोलला आणि बोलता बोलता दोन्ही हातांनी तिची कंबर दाबून बघितली. ती त्याच्याकडेही तशीच बघत राहिली जशी सगळ्यांकडे बघायची. तो माणूस म्हणाला, "घाई नाही. महिन्याभराने येतो." घाई नसलेला माणूस. यमनाने हाच शब्द वापरला होता, आणि अल्लालला त्या रात्रीपासून अन्न गोड लागेना.

एका मंगळवारी सकाळी इत्तो आली. अझरूच्या पलीकडच्या डोंगरातली सुईण, पन्नाशी उलटलेली, कंबरेला दोन शाली घट्ट बांधलेल्या, हातात काठी. कद्दूरच्या चुलतभावाने तिला पाठवलं होतं. तिचं खेचर उन्हाळ्यात मेलं होतं आणि ती ते मेलं म्हणून देवाचे आभार मानत होती, कारण त्याने तिला दोनदा ओढ्यात टाकलं होतं. तिने हमामाचे चारी पाय उचलून बघितले, पोटाखालून वाकून पलीकडे गेली, शेपटी हातात धरून उभी राहिली. अल्लालने तिला तोंड उघडायच्या आतच सांगून टाकलं, की लोक हिला अडेल म्हणतात, की एकदा सौदा मोडला आहे, की त्याने शपथ घेतली होती आणि आता तो शपथ घेणार नाही. इत्तोने मान हलवली. मग म्हणाली, "आता बसून दाखवा." कद्दूर पुढे झाला. "तू नाही रे बाबा," ती म्हणाली, "तू तर आईच्या पोटातून घोड्यावरच उतरलास. तुझ्याखाली गाढवसुद्धा शहाणं दिसेल. जो विकतो तो बसतो." अल्लाल म्हणाला की तो आयुष्यात घोड्यावर बसलेला नाही. "मग तर बरंच," इत्तो म्हणाली. "घोडी काय आहे ते आज कळेल."

कद्दूरने यमनाचं खोगीर आणलं. अल्लालनेच केलेलं, लाल मखमलीचं, साधी कलाबूत. या मुलखात खोगिराखाली जाड लोकरीचे सात नमदे असतात, एकावर एक, वेगवेगळ्या रंगांच्या कडा दिसतील असे. यमनाच्या खोगिराला नऊ होते. तीन वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, ती दुकानात येऊन म्हणाली होती, अजून दोन घाला. तो हसला होता. सुलतानाच्या खोगिरालाही सातच असतात, तो म्हणाला होता, म्हातारपणी मोठेपण मिरवायचंय का? ती म्हणाली होती, हो, मिरवायचंय. त्याने घातले होते, दोन दोन बोटं जाडीचे, आणि कंगोरा पक्का शिवला होता. आता तो स्टुलावर चढला, कद्दूरने त्याचा एक पाय रिकिबीत अडकवला, खालून लोटलं, आणि तो वर होता. किती वर, याची त्याला कल्पना नव्हती. जमीन लांब गेली. त्याच्या मांड्यांखाली काहीतरी श्वास घेत होतं, भात्यासारखं, सावकाश, आणि तो श्वास त्याच्या पाठीच्या मणक्यांतून वर चढत होता. चाळीस वर्षं त्याने ज्या ओंडक्याला पोशाख शिवले तो हा. त्याला ओरडावंसं वाटलं, पण इत्तो खालून बघत होती. हमामा चालू लागली.

पाच-सहा पावलांतच तो डावीकडे घसरला. त्याने आयाळ पकडली, पण हातात जोर नव्हता, आणि आता आपण पडणार हे त्याला अगदी शांतपणे कळलं. तेवढ्यात हमामा डावीकडे सरकली. घाबरून नाही. एक पाऊल, बाजूला, त्याच्याखाली. जसं काठोकाठ भरलेलं भांडं नेणारं माणूस भांडं कलेल तसा हात कलता ठेवतं. पुढे तो उजवीकडे कलला, ती उजवीकडे आली. कुणी तिला हे सांगितलं नव्हतं. या जनावराचा त्याने अकरा वर्षं राग केला होता, आणि ते त्याला सांडू देत नव्हतं. इत्तो काठी टेकत बाजूने चालत होती. रस्ता भिंतीला लागला. मातीच्या रंगाची लांब भिंत, वरती विटांचा एक थर नवा, फिकट. लोक कचरा टाकतात म्हणून नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी चढवलेला. तो रोज या भिंतीजवळून नाही, तरी महिन्यातून दोनदा जायचा, आणि पायी जाणाऱ्याला ती निव्वळ भिंत होती. हमामा थांबली.

त्याने टाच मारली नाही. त्याला मारता येत नव्हती. तो बसून राहिला, आणि मग त्याने मान वळवली. भिंतीचा वरचा थर त्याच्या डोळ्यांच्या चार बोटं खाली होता. पलीकडे खाली उतरत गेलेलं गवत, पांढरे दगड, आणि सरळ समोर, वीसेक पावलांवर, निळ्या फरशीची लहान कबर. तिच्या उशाशी पाखरांसाठी ठेवलेली वाटी. तिच्या शेजारी मातीचा नवा ढिगारा, त्याच्यावर अजून दगड नव्हता. त्याने पहिल्यांदा काही विचार केला नाही. फक्त बघितलं. मग त्याच्या हाताने आपोआप खोगिराच्या कडेला चाचपलं आणि बोटांनी नमदे मोजले, शिंप्याची बोटं, सात, आठ, नऊ. दोन नमदे म्हणजे चार बोटं. विटेचा एक थर म्हणजे चार बोटं. अकरा वर्षं ती त्या दारातून आत गेली नव्हती. तिने दिलेला शब्द पाळला होता, आणि दर शुक्रवारी इथे येऊन थांबली होती, भिंत वाढली तेव्हा त्याच्याकडूनच उंची शिवून घेतली होती, आणि घरी जाऊन त्याच्या ताटात वाढलं होतं. आणि त्या दारातून ती अखेर आत गेली ती लोकांच्या खांद्यावरून, म्हणजे शब्द तेव्हाही मोडला नव्हता. हे सगळं त्याला एकदम कळलं, एखाद्या मोठ्या मशिदीत शिरल्यावर घुमट वर असल्याचं मान वर न करताही कळतं तसं. एवढी मोठी गोष्ट त्याच्या घरात, त्याच्या चुलीपाशी, अकरा वर्षं राहत होती. त्या गोष्टीला तो विसरणं म्हणाला होता.

लगाम कधी सुटला ते त्याला कळलं नाही. त्याने दोन्ही तळहात समोर उघडले आणि फातिहा म्हटली, आधी मुलीसाठी, की यमनासाठी, की दोघींसाठी मिळून, ते त्याने ठरवलं नाही. आवाज फाटत होता. आमीन म्हणून त्याने तळहात चेहऱ्यावरून फिरवले, आणि हात खाली येतात न येतात तोच हमामा चालू लागली. अर्धा मिनिट, सी थामी म्हणाले होते. घड्याळ लावून.

थोडं पुढे गेल्यावर इत्तोने विचारलं, "पलीकडे काय आहे?" भिंत तिच्या डोक्यापेक्षा उंच होती.

"माझी माणसं आहेत," अल्लाल म्हणाला.

मग तिने विचारलं, किती वेळ थांबते? तो म्हणाला, फातिहा म्हणून होईल एवढा वेळ, मग आपली निघते. दुसरीकडे कुठे थांबते का? ते त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याने तसं सांगितलं. इत्तोने हमामाच्या मानेवर हात ठेवला आणि हात न काढता चालत राहिली. "आमच्याकडे कबरस्तानाला भिंतच नाहीये," ती म्हणाली. "येता जाता सगळे दिसतात. पण मला पळणारं जनावर नकोच आहे. मी कुणाच्या घरात शिरले की दोन तासांनी बाहेर येईन की दोन दिवसांनी, ते पोटातलं पोर ठरवतं. ते मेलेलं खेचर दर वेळी दोर तोडून घरी जायचं आणि मी बर्फातून पायी. मला थांबणारं हवंय. टाच मारली तरी थांबणारं." मग तिने वर त्याच्याकडे बघितलं. "आणि तुम्हाला तिने पडू दिलं नाही. मी बघितलंय, बायका पहिल्या पोराला उचलतात ना, तशी नेत होती."

तबेल्यात परत आल्यावर कद्दूरने त्याला उतरवलं. किंमत ठरायला फार बोलणं झालं नाही. इत्तोने सांगितली, त्याने मान हलवली, कद्दूर म्हणाला अल्ला बरकत देवो, हात मिळवले गेले. पुदिन्याचा चहा झाला. तिने शालीच्या गाठीतून सुके अंजीर काढून दोघांना दिले आणि एक हमामाला. गुरुवारी सकाळी भावाचा ट्रक घेऊन येते, ती म्हणाली. निघताना ती खोगिराशी थबकली, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, काम सुंदर आहे मुअल्लिम, पण माझी कंबर गेलेली, एवढ्या उंचावर चढणं मला जमायचं नाही. वरचे दोन काढून द्या. सात पुरेत.

बुधवारी त्याने दुकान उघडलं आणि खोगीर समोर उलटं ठेवलं. कंगोऱ्याचे टाके त्याचेच होते, बारीक, मेण भरलेले, इतके जवळजवळ की आरीचं टोक शिरायला जागा नव्हती. शेजारचा न्हावी दोनदा डोकावून गेला. दुपारी कद्दूर हमामाला पाणी पाजून आल्याचं सांगून गेला. अल्लालने टाके बोटांनी चाचपले, आरी हातात घेतली, मग ती पुन्हा डब्यात ठेवली. बाहेर तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अस्रची बांग झाली. गुरुवार उद्यावर आला होता, आणि वरचे दोन नमदे अजून काढायचे होते.